दीर्घिका तोलायची कशी? ताऱ्यांचे वेग आणि वाकलेला प्रकाश

वाचकांचे प्रश्न

कोकण किनाऱ्यावरून या सदराकडे अलीकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. दूरच्या दीर्घिकेचे वस्तुमान शास्त्रज्ञ कशाच्या आधारावर सांगतात आणि त्या आकड्यावर कितपत विश्वास ठेवावा, असा त्यांचा रोख आहे. म्हणून या खेपेचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत, प्रश्न मात्र तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकतो. ‘या दीर्घिकेचे वस्तुमान इतके अब्ज सूर्यांइतके आहे’ अशी वाक्ये पुस्तकांत सहज लिहिलेली असतात. जिथे माणूस काय, यानसुद्धा पोहोचणार नाही, त्या वस्तूचे वजन कोणी आणि कसे केले, हे मात्र सांगितलेले नसते. कृपया मुळापासून सांगावे.
— एक विद्यार्थी, मालवण

उत्तर : मूळ कल्पना आपण शाळेतच शिकला आहात. एक वस्तू दुसरीभोवती किती अंतरावरून आणि किती वेगाने फिरते एवढे कळले, की कक्षेच्या आतले वस्तुमान ठरते. फिरणारी वस्तू स्वतः केवढी आहे याला महत्त्व नसते. वर्तुळाकार कक्षेसाठी वेगाचा वर्ग करून त्याला अंतराने गुणले, की आतल्या वस्तुमानाचे प्रमाण मिळते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. सूर्य आपल्या आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने फिरतो, म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ पावणेआठ पट वेगाने, आणि वर्ग केला की हे प्रमाण ५९ पट होते. सूर्याचे केंद्रापासूनचे अंतर सुमारे २६,७०० प्रकाशवर्षे आहे. ते पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधील अंतराच्या साधारण १.७ अब्ज पट भरते. आता ५९ ला १.७ अब्जांनी गुणा. उत्तर १०० अब्जांच्या आसपास येते, आणि सूर्याच्या कक्षेच्या आत आकाशगंगेचे जे वस्तुमान सामावले आहे ते साधारण इतक्या सूर्यांएवढे आहे. आकाशगंगा गोल नसून चपटी आहे, त्यामुळे काटेकोर हिशेबात थोडा फरक पडतो, पण आकड्याची पातळी बदलत नाही. हा गुणाकार आपण वहीत स्वतः करून पाहावा असे मला मनापासून वाटते, कारण पुढची सगळी अवघड तंत्रे याच एका नात्याची सुधारलेली रूपे आहेत.

दूरच्या दीर्घिकेतला वेग कसा मोजायचा, हा यापुढचा प्रश्न. ताऱ्यांच्या आणि वायूच्या वर्णपटात ठरावीक तरंगलांबीच्या रेषा असतात. प्रकाशाचा उगम आपल्यापासून दूर जात असेल तर त्या रेषा तांबड्या बाजूला सरकतात, जवळ येत असेल तर निळ्या बाजूला. हायड्रोजनची प्रसिद्ध तांबडी रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर असते. सेकंदाला २३० किलोमीटर वेगाने ती केवळ अर्धा नॅनोमीटर सरकते, पण तेवढे सरकणे चांगल्या वर्णपटमापकाला सहज टिपता येते. फिरणाऱ्या सर्पिल दीर्घिकेची एक बाजू आपल्याकडे येत असते आणि दुसरी दूर जात असते, म्हणून दोन्ही बाजूंच्या रेषांमधील तफावत तिचा फिरण्याचा वेग देते. दीर्घिका आपल्याला किती तिरपी दिसते आहे याचा हिशेब त्यात धरावा लागतो; अगदी समोरून दिसणाऱ्या चकतीच्या बाबतीत ही पद्धत निरुपयोगी ठरते.

व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेतील ६७ तेजस्वी वायुमेघांचे वेग प्रसिद्ध केले. बहुतेक उजेड आतल्या भागात असल्यामुळे, बाहेर जाऊ तसा वेग उतरत जावा अशी अपेक्षा होती. तो फारसा उतरला नाही. ताऱ्यांचा उजेड जिथे संपतो त्याच्याही पलीकडे उदासीन हायड्रोजन वायू पसरलेला असतो आणि तो २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. त्या लहरींवरूनही अनेक दीर्घिकांमध्ये हेच चित्र दिसले. आपल्या घाटमाथ्यापलीकडे, पुणे जिल्ह्यातल्या खोडद येथे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी महाकाय रेडिओ दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिली, ती या लहरींचा अभ्यास करणाऱ्या जगातल्या महत्त्वाच्या दुर्बिणींपैकी एक आहे. फिरणाऱ्या चकतीकडून येणारी ही रेडिओ रेषा आलेखावर दोन शिंगांसारखी दिसते, एक शिंग जवळ येणाऱ्या बाजूचे आणि दुसरे दूर जाणाऱ्या बाजूचे. त्या दोन शिंगांमधले अंतर मोजले, की वेग हाती येतो.

वेग उतरत नाही याचा अर्थ, अंतर दुप्पट केले की आतले वस्तुमानही दुप्पट होते. आपल्या आकाशगंगेतल्या सगळ्या ताऱ्यांचे मिळून वस्तुमान सुमारे ६० अब्ज सूर्यांएवढे आहे, तर बाहेरच्या न दिसणाऱ्या आवरणासह तिचे एकूण वस्तुमान एक हजार अब्जांच्या आसपास मानले जाते. हा दुसरा आकडा पहिल्याइतका पक्का नाही, कारण आवरण कुठे संपते तेच स्पष्ट दिसत नाही.

प्रश्न : चकतीसारख्या दीर्घिका फिरतात, म्हणून त्यांचे वस्तुमान काढता येते हे समजले. परंतु लंबवर्तुळी दीर्घिकांतले तारे वाटेल त्या दिशेने फिरतात असे वाचले. तिथे कोणता वेग धरायचा? शिवाय, आपल्याला वेगाचा एकच घटक कळतो ना?
— एक निवृत्त शिक्षक, हर्णै

उत्तर : आपल्या दुसऱ्या वाक्यात या विषयाची खरी अडचण आली आहे, म्हणून तिच्यासाठी थोडी जास्त जागा घेतो.

लंबवर्तुळी दीर्घिकेतले तारे एकेकटे दिसत नाहीत. दुर्बिणीत येतो तो कोट्यवधी ताऱ्यांचा मिसळलेला प्रकाश. त्यातला प्रत्येक तारा आपापल्या वेगाने जवळ येत किंवा दूर जात असल्यामुळे वर्णपटातली प्रत्येक रेषा थोडी इकडे आणि थोडी तिकडे फाकते आणि रुंद होते. सूर्याच्या वर्णपटात ५१७ नॅनोमीटरच्या आसपास मॅग्नेशियमच्या तीन काळ्या रेषा असतात, ५१६.७, ५१७.३ आणि ५१८.४ या जागी. चांगल्या उपकरणातून त्या अगदी सुट्या आणि बारीक दिसतात. मोठ्या लंबवर्तुळी दीर्घिकेच्या वर्णपटात त्याच जागी पाहिले तर त्या एकमेकींत मिसळून एकच रुंद, उथळ खळगा झालेला असतो, कारण सेकंदाला ३०० किलोमीटर इतका वेगांचा पसारा प्रत्येक रेषेला दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा नॅनोमीटर ताणतो. सुट्या रेषांचा नमुना घेऊन तो किती पसरवला म्हणजे दीर्घिकेतल्या खळग्याशी तंतोतंत जुळतो, हे संगणकावर शोधतात, आणि जुळणारा आकडा म्हणजेच ताऱ्यांच्या वेगांचा पसारा. तारे इतक्या वेगाने धावत असूनही दीर्घिका विखुरत नाही, याचाच अर्थ त्यांना बांधून ठेवण्याइतके वस्तुमान तिथे आहे. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये ताऱ्यांऐवजी संपूर्ण दीर्घिकांचे वेग घेऊन कोमा दीर्घिकासमूहासाठी हाच युक्तिवाद केला होता, आणि दिसणाऱ्या द्रव्यापेक्षा कितीतरी अधिक द्रव्य तिथे असले पाहिजे असे सांगितले होते.

आता आपला आक्षेप. हर्णै बंदरावरून रात्री होड्यांचे दिवे पाहताना दिवा उजवी-डावीकडे सरकला तर लगेच कळते, पण होडी आपल्याकडे येते आहे की खोल समुद्रात जाते आहे हे बराच वेळ उमगत नाही. दूरच्या दीर्घिकेच्या बाबतीत नेमके उलटे घडते. ताऱ्यांचे जवळ येणे आणि दूर जाणे वर्णपट सांगतो. त्यांचे आडवे सरकणे इतके सूक्ष्म असते की ते मोजण्याची सोयच नाही. तीन दिशांपैकी एकाच दिशेचा वेग हाती असताना बाकीच्या दोन दिशांबद्दल काहीतरी गृहीत धरावे लागते. तारे मुख्यतः केंद्राकडे सरळ जाऊन परत येणाऱ्या लांबट कक्षांत असतील तर एक वस्तुमान निघते, वर्तुळासारख्या कक्षांत असतील तर दुसरे. मोजलेली रुंदी तीच, पण अर्थ दोन. यावर उपाय म्हणून वर्णरेषेची रुंदी पाहून न थांबता तिचा नेमका आकार पाहतात, म्हणजे ती टोकाला अणकुचीदार आहे की बसकी, आणि संगणकात हजारो शक्य कक्षा मांडून कोणत्या कक्षांचे मिश्रण सगळ्या निरीक्षणांशी जुळते ते तपासतात. त्याने संदिग्धता कमी होते, पण पूर्णपणे जात नाही.

ती किती महागात पडू शकते याचे उदाहरण कन्या राशीतल्या एम ८७ या दीर्घिकेचे आहे. सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर असलेल्या या दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवराचे वस्तुमान ताऱ्यांच्या वेगांवरून काढले तेव्हा २०११ मध्ये ६.६ अब्ज सूर्य असे उत्तर आले. तिथे फिरणाऱ्या वायूच्या वेगांवरून काढले तेव्हा २०१३ मध्ये ३.५ अब्ज आले. दोन्ही गट अनुभवी होते आणि दोन्हींची निरीक्षणे उत्तम होती, तरी उत्तरांत जवळजवळ दुपटीचा फरक पडला. एप्रिल २०१९ मध्ये पृथ्वीभर विखुरलेल्या रेडिओ दुर्बिणींनी मिळून कृष्णविवराच्या सावलीचे चित्र प्रसिद्ध केले आणि सावलीच्या आकारावरून ६.५ अब्ज हा आकडा निघाला. निकाल ताऱ्यांच्या बाजूने लागला. वायू नीट वर्तुळाकार चकतीत फिरतो हे गृहीतक तिथे पुरेसे खरे नसावे, असा एक अंदाज मांडला गेला. मला या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटते ते असे, की वाद मिटला तो अगदी वेगळ्या तत्त्वावरच्या तिसऱ्या मोजणीमुळे; जुनीच पद्धत अधिक काळजीपूर्वक पुन्हा केली म्हणून तो मिटला नाही.

प्रश्न : आमच्या किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ आहेत. इंग्रज शास्त्रज्ञांनी तिथे दुर्बिणी लावून सूर्यग्रहण पाहिले, असे आम्ही मुलांना सांगतो. ग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश वाकतो आणि त्यावरून वस्तुमान कळते, असे आता वाचनात आले. ही मोजणी इथेच झाली होती का?
— एक शिक्षिका, विजयदुर्ग

उत्तर : मुलांना आपण सांगता ते खरे आहे. नॉर्मन लॉकियर यांची तुकडी २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी विजयदुर्गला आली होती. मात्र त्यांचे लक्ष सूर्याच्या वातावरणाच्या वर्णपटावर होते. प्रकाश वाकण्याची मोजणी तेव्हा कोणाच्या मनातही नव्हती; आइन्स्टाइन त्या वेळी झुरिकमध्ये शिकणारे अठरा वर्षांचे विद्यार्थी होते. ती मोजणी झाली २९ मे १९१९ च्या ग्रहणात, आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर आणि ब्राझीलमधल्या सोब्राल गावी. सूर्याच्या कडेला घासून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला वाकावा असे आइन्स्टाइन यांचा व्यापक सापेक्षता सिद्धान्त सांगत होता, तर जुन्या न्यूटनच्या हिशेबाने त्याच्या निम्मेच वाकणे अपेक्षित होते. निरीक्षणे पहिल्या आकड्याच्या बाजूने गेली. विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. पौर्णिमेच्या चंद्राचा व्यास सुमारे १,८०० विकला असतो, एवढे सांगितले म्हणजे मुलांना कल्पना येईल.

सूर्याच्या जागी एक अख्खी दीर्घिका ठेवली आणि तिच्या बरोबर मागे, खूप दूर, दुसरी दीर्घिका किंवा क्वेसार, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेचा अत्यंत तेजस्वी गाभा, असला, तर पुढची दीर्घिका भिंगासारखी वागते. एकाच मागच्या वस्तूच्या दोन किंवा चार प्रतिमा दिसतात, आणि तिन्ही गोष्टी अगदी एका रेषेत असल्या तर प्रकाशाचे कडे दिसते. दीर्घिका असे भिंग होऊ शकतील हे झ्विकी यांनी १९३७ मध्येच लिहिले होते, पण पहिले उदाहरण सापडायला १९७९ उजाडले. सप्तर्षींच्या दिशेला सहा विकला अंतरावर दोन क्वेसार दिसत होते. त्यांचे वर्णपट घेतल्यावर ते एकमेकांशी इतके जुळले की दोन्ही प्रतिमा एकाच क्वेसारच्या असल्या पाहिजेत असा निष्कर्ष निघाला. पुढे असेही मोजले गेले की एका प्रतिमेत झालेला तेजाचा चढउतार दुसऱ्या प्रतिमेत ४१७ दिवसांनी दिसतो, कारण दोन्ही वाटांची लांबी आणि त्यांवरचे गुरुत्वाकर्षण सारखे नाही.

कड्यावरून वस्तुमान काढण्याचा हिशेब ऐकायला सोपा आहे. कड्याची त्रिज्या विकलांत मोजायची आणि पुढच्या-मागच्या दोन्ही वस्तूंची अंतरे त्यांच्या ताम्रसृतीवरून, म्हणजे वर्णरेषा तांबड्या बाजूला किती सरकल्या आहेत त्यावरून, काढायची. मग कड्याच्या आतले वस्तुमान त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात ठरते. अंतरे तीच असताना कडे दुप्पट मोठे असेल तर वस्तुमान चौपट. ताऱ्यांच्या कक्षा कशा आहेत हा प्रश्न इथे उद्भवतच नाही, कारण वाकणाऱ्या किरणाला त्याच्याशी काही देणेघेणे नसते. तारे, वायू, धूळ, न दिसणारे द्रव्य, सगळे एकत्रच मोजले जाते. हा फार मोठा गुण आहे, आणि अडचणही त्यातच आहे: कड्याच्या आत आपल्या नजरेच्या रेषेत जे काही पुढे-मागे आहे ते सगळे एकाच आकड्यात येते. म्हणजे आपण गोळ्याचे वस्तुमान मोजत नसून दीर्घिकेतून आरपार जाणाऱ्या लांबलचक नळकांड्याचे मोजत असतो. शिवाय, वस्तुमानाचा सपाट, एकसारखा थर वाढवून बाकीचे त्याच प्रमाणात कमी केले तरी प्रतिमांच्या जागा जशाच्या तशा राहतात. म्हणून कड्याच्या आतले एकूण वस्तुमान भिंग काही टक्क्यांपर्यंत अचूक सांगते, पण ते आत-बाहेर कसे वाटले गेले आहे याबद्दल तेवढे ठामपणे बोलत नाही.

प्रश्न : दोन्ही पद्धती गुरुत्वाकर्षणाच्या नियमांवरच उभ्या आहेत. मग त्यांची उत्तरे जुळली तरी ती एकमेकींची स्वतंत्र साक्ष कशी म्हणता येईल? नियमच चुकीचा असेल तर दोन्ही सारख्याच चुकतील.
— एक अभियंता, रत्नागिरी

उत्तर : दोन्ही सारख्याच चुकणार नाहीत, आणि त्यामुळेच या जोडीला इतके महत्त्व आहे.

सापेक्षता सिद्धान्तात वस्तुमान दोन गोष्टी करते. ते काळाची गती बदलते आणि अवकाशही वाकवते. सेकंदाला काहीशे किलोमीटर वेगाने चालणारा तारा प्रकाशाच्या तुलनेत इतका सावकाश असतो, की त्याच्यावर जवळजवळ पूर्ण परिणाम पहिल्या गोष्टीचा होतो, आणि तो न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाइतकाच असतो. प्रकाशावर मात्र दोन्हींचा सारखा परिणाम होतो. १९१९ मध्ये न्यूटनच्या दुप्पट वाकणे दिसले ते याच कारणाने. म्हणजे एकच वस्तुमान तारे एका रीतीने अनुभवतात आणि प्रकाश दुसऱ्या रीतीने. दीर्घिकेच्या आकारमानावर अवकाशाचे वाकणे सिद्धान्ताने सांगितल्यापेक्षा कमी किंवा जास्त असेल, तर भिंगाने काढलेले वस्तुमान आणि ताऱ्यांनी सांगितलेले वस्तुमान यांत फरक पडलाच पाहिजे.

ही कसोटी ईएसओ ३२५-जी००४ या लंबवर्तुळी दीर्घिकेवर लावली गेली. ती सुमारे ४५ कोटी प्रकाशवर्षांवर आहे, आणि भिंग होणाऱ्या दीर्घिकांमध्ये हे अंतर फारच थोडे म्हणायचे. तिच्यामागे कितीतरी दूर असलेल्या दीर्घिकेचे कडे हबल दुर्बिणीच्या छायाचित्रात सुमारे तीन विकला त्रिज्येचे दिसते. त्या अंतरावर तीन विकला म्हणजे केंद्रापासून साधारण ६,५०० प्रकाशवर्षे. भिंग इतके जवळ असल्यामुळे, चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीवरच्या म्यूझ या उपकरणाने तिच्या गाभ्यातल्या जागोजागच्या ताऱ्यांच्या वेगांचा पसारा कड्याच्या आतच सविस्तर मोजता आला. दोन्ही मोजण्या एकत्र ठेवून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: अवकाश वाकण्याचे प्रमाण सिद्धान्ताप्रमाणे १ असायला हवे, ते ०.९७ निघाले, आणि अनिश्चितता ०.०९ एवढी होती. सूर्यमालेत हेच प्रमाण याहून कितीतरी बारकाईने तपासले गेले आहे, पण सूर्यमाला म्हणजे दीर्घिकेपुढे अगदीच लहान. हजारो प्रकाशवर्षांच्या अंतरावर नियम तसाच चालतो का, हे तपासायला अशी दीर्घिकाच लागते.

नियम बरोबर धरला, तर हीच जोडी वस्तुमानाची वाटणी सांगते. कड्याच्या आत एकूण किती ते भिंग पक्के करते. केंद्राजवळ त्यातले किती हे तारे सांगतात. ताऱ्यांच्या कक्षांमुळे जी संदिग्धता राहत होती तिला भिंगाचा आकडा आवर घालतो, आणि सपाट थरामुळे भिंगात जी मोकळीक राहत होती ती ताऱ्यांचे वेग कमी करतात. दोघांच्या उणिवा वेगवेगळ्या ठिकाणी असल्यामुळेच हे जमते.

स्लोन आकाश सर्वेक्षणाने लक्षावधी दीर्घिकांचे वर्णपट घेतले होते. त्यांपैकी काही वर्णपटांत एकाच दीर्घिकेच्या रेषांमध्ये दुसऱ्याच, अधिक ताम्रसृतीच्या रेषा मिसळलेल्या आढळल्या, म्हणजे त्याच दिशेला मागे आणखी एक दीर्घिका होती. अशा जागा निवडून हबलने छायाचित्रे घेतली आणि अनेक ठिकाणी खरोखरच कडी आणि कमानी सापडल्या. वेगांचा पसारा सर्वेक्षणाच्या वर्णपटातून आधीच हाती होता. २००६ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या या कामातून दिसले, की मोठ्या लंबवर्तुळी दीर्घिकांच्या आतल्या भागात वस्तुमानाची घनता केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत जाते, आणि एका दीर्घिकेपासून दुसरीपर्यंत यात फार फरक पडत नाही. ताऱ्यांची घनता एकटी पाहिली तर अशी उतरत नाही, कृष्णद्रव्याची, म्हणजे न दिसणाऱ्या द्रव्याचीही, उतरत नाही. दोघांची बेरीज मात्र तशी उतरते. हे असे का जुळून यावे याचे सर्वांना पटेल असे उत्तर अजून मिळालेले नाही, आणि या विषयातला हा सर्वांत सुंदर प्रश्न आहे असे मला वाटते.

प्रश्न : कृष्णद्रव्य हे हिशेब जुळवण्यासाठी घातलेले ठिगळ आहे, असे माझे मत झाले आहे. आपले काय म्हणणे आहे?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : शंका रास्त आहे. ती घेणारे शास्त्रज्ञही आहेत. कृष्णद्रव्याऐवजी गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलून पाहण्याचे प्रयत्न १९८० च्या दशकापासून चालू आहेत, आणि सर्पिल दीर्घिकांच्या वेगांचे स्पष्टीकरण ते बऱ्यापैकी देतात. पण ठिगळ असते तर ते जिथे लागेल तिथे आणि लागेल तेवढे लावता आले असते. प्रत्यक्षात तसे दिसत नाही. युक्लिड या अवकाश दुर्बिणीने एनजीसी ६५०५ या दीर्घिकेभोवती टिपलेले कडे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. ही दीर्घिका सुमारे ५९ कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि तिची नोंद एकोणिसाव्या शतकापासून आहे, तरी हे कडे तोवर कोणालाच दिसले नव्हते. कड्याची त्रिज्या अडीच विकला, म्हणजे दीर्घिकेतली सुमारे ७,००० प्रकाशवर्षे. त्याच्या आतल्या वस्तुमानात कृष्णद्रव्याचा वाटा केवळ ११ टक्क्यांच्या आसपास निघाला. केंद्राजवळ ताऱ्यांचेच राज्य असते आणि बाहेर जाऊ तसा कृष्णद्रव्याचा वाटा वाढत जातो, या अपेक्षेशी ते सुसंगत आहे. इथे एक सावधगिरी मात्र हवी. ताऱ्यांचा वाटा त्यांच्या उजेडावरून ठरवला जातो, आणि मंद तांबडे बटुतारे उजेडात फारशी भर न घालता वस्तुमानात बरीच घालतात. ते किती आहेत याचा अंदाज बदलला, की ताऱ्यांचा आणि कृष्णद्रव्याचा वाटाही बदलतो. एकूण वस्तुमान मात्र तेच राहते.

वस्तुमानाची ही मांडणी किती भरवशाची आहे हे मला सर्वांत जास्त पटले ते एका अतिनवताऱ्यामुळे, म्हणजे स्फोट होऊन अचानक उजळलेल्या ताऱ्यामुळे. नोव्हेंबर २०१४ मध्ये एका दूरच्या दीर्घिकासमूहातल्या लंबवर्तुळी दीर्घिकेभोवती एकाच अतिनवताऱ्याच्या चार प्रतिमा हबलच्या छायाचित्रांत सापडल्या. अशा घटनेचा उपयोग १९६४ मध्येच सुचवणाऱ्या श्यूर रेफ्सडाल यांचे नाव त्याला देण्यात आले. समूहातल्या वस्तुमानाची वाटणी मांडून वेगवेगळ्या गटांनी आधीच सांगितले, की त्याच ताऱ्याचा प्रकाश अधिक लांबच्या वाटेने येऊन समूहाच्या दुसऱ्या भागात पुन्हा दिसेल, आणि तो कुठे व साधारण केव्हा दिसेल. ११ डिसेंबर २०१५ च्या छायाचित्रात तो सांगितलेल्या जागी दिसला. ती मांडणी दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या अशा दोन्ही वस्तुमानांची होती. कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे हे अजून कोणालाही माहीत नाही, ही आपल्या बाजूची खरी आणि मोठी गोष्ट आहे. ते कुठे आणि किती आहे याची मोजणी मात्र त्या उत्तरावाचून अडत नाही.

प्रश्न : माझ्याकडे सहा इंची परावर्तक दुर्बीण आहे. आमच्या किनाऱ्यावरून असे एखादे कडे दिसेल का?
— एक हौशी निरीक्षक, गुहागर

उत्तर : कडे दिसणार नाही. १९७९ मध्ये सापडलेल्या जोडक्वेसारच्या प्रतिमासुद्धा तेजाच्या १७ व्या प्रतीच्या आसपासच्या आहेत (प्रतीचा आकडा जितका मोठा तितके तेज कमी), आणि सहा इंची दुर्बिणीतून डोळ्याला फार तर १३ व्या प्रतीपर्यंतचे दिसते. पण ज्यांच्यावर हा सगळा विषय उभा राहिला त्या दोन दीर्घिका आपल्याला सहज पाहता येतील. पाऊस संपून आकाश स्वच्छ झाले की नोव्हेंबर-डिसेंबरच्या अमावास्येच्या आसपास संध्याकाळी देवयानी दीर्घिका डोक्याच्या थोडी उत्तरेला असते. ती नुसत्या डोळ्यांनीही धूसर डाग म्हणून दिसते. दुर्बीण लावताना कमी शक्तीचे नेत्रभिंग वापरावे, नाहीतर तिचा फक्त मधला भाग दिसेल. एम ८७ साठी एप्रिलची वाट पाहावी. सिंहाच्या शेपटीकडचा उत्तरा हा तारा आणि कन्येतला विंडेमिएट्रिक्स हा तारा यांच्या साधारण मध्यावर, नवव्या प्रतीच्या जवळपासचा लहान, गोल, मध्यभागी उजळ असा ठिपका शोधावा. आसपास इतरही दीर्घिका असल्यामुळे नकाशा जवळ ठेवावा आणि दिवे चालू असलेल्या धक्क्यापासून शक्य तितके दूर बसावे. मे महिन्यात हवेत दमटपणा आणि ढग वाढू लागतात, तेव्हा हे काम एप्रिलमधल्या अमावास्येलाच उरकलेले बरे.